एकतीस नंबरचा गुडघा

१

सकाळचा चहा झाला की मी जखमींची यादी करायला बसतो. युद्ध कुठं चालू नाही. यादी आमच्या फुटबॉल क्लबची आहे. मात्र गेल्या हंगामातला खेळ पाहता आमची पोरं युद्धात जरा बरी दिसली असती, असं समर्थकांपैकी पुष्कळांचं मत आहे.

या समर्थकांचा कॉम्प्युटरवर एक फोरम आहे. तिथे खरी नावं चालत नाहीत. एकदा क्लबच्या वकिलाची नोटीस आली, तेव्हापासून खेळाडूंनासुद्धा टोपणनावंच. गोलकीपर तो खांब, कारण चेंडू कानावरून गेला तरी तो हलत नाही. पुढे खेळणारा तो नवरदेव. सगळे मिळून त्याला गोलपर्यंत वाजतगाजत आणतात आणि तो तिथे नुसता उभा राहतो. मॅनेजरचं नाव ‘पुढच्यावेळी’, कारण प्रत्येक पराभवानंतर पत्रकारांना तो एवढंच सांगतो. सदस्यांमध्ये एक गोलपोस्ट आहे, एक शिट्टीबाई आहे आणि एक निवृत्त पंच आहे, जो आयुष्यात कधी पंच नव्हता. मी आवकजावक. नोंदणी कार्यालयात तेहेतीस वर्षं तेच केलं.

यादीला सात रकाने आहेत. टोपणनाव, शर्टाचा नंबर, जागा, दुखावलेला अवयव, दुखापतीची तारीख, परतण्याची तारीख. शेवटी शेरा, तो बहुधा कोरा राहतो. वर्तमानपत्र वाचून आणि सामने पाहून मी ती भरतो. कुणी लंगडला की मी लिहितो. यादीत फोरमवर कुणालाही लिहिता येतं, पण कुणी लिहीत नाही, एवढा तिला मान आहे. नोकरीत एवढा मान मिळाला असता तर मी वेळेवर निवृत्त झालो नसतो.

एक गोष्ट मात्र फोरमवर कुणाला ठाऊक नाही. क्लबची फिजिओथेरपिस्ट, जिला हे लोक ‘मालिशबाई’ म्हणतात आणि प्रत्येक मुरगळलेल्या पायाबद्दल शिव्या घालतात, ती माझी मुलगी आहे. दर गुरुवारी ती आमच्याकडे जेवायला येते. क्लबबद्दल मी तिला एका अक्षरानं विचारत नाही. आतली बातमी घेऊन यादी करायची म्हणजे पेपर फुटल्यावर पहिला नंबर काढण्यासारखं आहे.

२

तर एक दुसरं पान होतं, दुसऱ्या समर्थकांचं. तिथे माझी यादी रोज जशीच्या तशी यायची, माझ्या स्वल्पविरामांसकट. माणसानं चोरी करावी, पण निदान स्वल्पविराम तरी स्वतःचे घालावेत.

आमच्या कार्यालयात जुने हेडक्लार्क होते. वहीतून कुणी चोरून उतरवतोय असा संशय आला की ते एक खोटी नोंद घालत. ती दुसरीकडे उगवली की चोर सापडला. मात्र त्यांचा एक कडक नियम होता. खोटी नोंद कार्यालय बंद व्हायच्या आत लाल शाईनं छाटायची. एक रात्रसुद्धा वहीत राहू द्यायची नाही. का, हे मी कधी विचारलं नाही. साहेबांना ‘का’ विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

एका मंगळवारी मी लिहिलं: डावरा. नंबर एकतीस. डावा बचावपटू. डावा गुडघा. आजची तारीख. सहा आठवडे.

असा खेळाडू क्लबमध्ये नव्हता. गुडघा माझाच दुखत होता, त्यामुळे कल्पनेला फार लांब जावं लागलं नाही.

दुपारच्या जेवणापर्यंत डावरा त्या पानावर हजर होता. मला इतका आनंद झाला की मी ताणून दिली. जाग आली तेव्हा खिडकीवरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. नोंद छाटायची आहे हे लक्षात होतं. पण म्हटलं, राहू दे, उद्या चारचौघांना गंमत दाखवू आणि मग छाटू. यशात माणूस ढिला पडतो.

सकाळी फोरम उघडला.

‘डावरा पण गेला? संपलो आपण,’ गोलपोस्टनं लिहिलं होतं.

‘तो असता तर शनिवारचा गोल झालाच नसता,’ निवृत्त पंच म्हणत होता. ‘घसरत येऊन चेंडू काढायची त्याची ती लकब. बघत राहावं.’

शिट्टीबाईनं खाली जोडलं होतं, ‘मालिशबाईच्या हातात दिलाय ना? सहाचे सोळा आठवडे धरून चाला.’

मी हसत हसत लिहिलं, ‘मंडळी, डावरा नावाचा कुणी नाही. चोर पकडायला मी तो बनवला.’

‘काका, चष्म्याचा नंबर वाढला की वयाचा?’ गोलपोस्टनं विचारलं. आणि शिट्टीबाईनं मला माझीच एक जुनी चार ओळींची टीप काढून दाखवली. गेल्या हंगामातली. डाव्या बाजूला एकतीस नंबर उभा असला की मन स्वस्थ असतं, असं मी तिच्यात लिहिलं होतं. स्वल्पविराम माझे होते.

मी ती टीप तीन वेळा वाचली. मग स्वतःला समजावलं की असेल बाबा. राखीव संघात कुणीतरी असेल, कधी पाहिला असेल, विसरलो असेन आणि काल बनवतोय असं समजून आठवला असेल. सत्तरीकडे झुकलेल्या डोक्यात असले फेरफार होतात. मी ओळ पुसून टाकली. लाल शाई कॉम्प्युटरला नसते.

दुसऱ्या दिवशी ती परत होती. शिट्टीबाईनं प्रेमानं कळवलं होतं, ‘काका, डावरा राहिला वाटतं. त्या दुसऱ्या पानावरून उतरवून मीच घातला.’

३

गुरुवारी मुलगी आली. ताटावर बसली आणि घास घेण्याऐवजी अंगठे दाबत राहिली.

“काय गं, हात दुखतायत?” हिनं विचारलं. ही म्हणजे माझी बायको.

“अंगठेच. नवीन गुडघा आलाय, एकतीस नंबरचा. आई, जरा पाणी दे.”

पाणी मी दिलं. थोडं ताटात, थोडं पेल्यात.

“एकतीस कोण?” मी विचारलं. क्लबबद्दल मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. तिनंही चमकून पाहिलं.

“डावा बचाव खेळतो. डावा गुडघा. किती दाबला तरी हूं नाही की चूं नाही. बाकीचे नुसता टॉवेल लागला तरी आईच्या नावानं ओरडतात.”

“शांत आहे म्हणजे,” ही म्हणाली. मुलीचं लग्न व्हायचं आहे. त्यामुळे पुरुषाचा कोणताही गुण हिच्या कानातून सुटत नाही. “दिसायला कसा आहे?”

“आई!”

“अगं, सहज विचारते.”

मुलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. चमचा वाटीवर तसाच राहिला. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. मी दहा थेंब मोजले.

“दिसायला…” ती म्हणाली. मग हसली. “मी गुडघे बघते, आई. तोंडं बघायला वेळ कुठाय?”

हसणं नेहमीचंच होतं, फक्त जरा लवकर संपलं.

निघताना तिचा फोन उघडेना. अंगठा लावला, ओढणीला पुसून लावला, दुसरा लावला. शेवटी आकडे दाबून उघडला. “मशीनला सुद्धा ओळख राहिली नाही,” ती म्हणाली.

“बघू,” म्हणून मी तिचा हात खिडकीशी नेला.

तेहेतीस वर्षं मी लोकांचे अंगठे शाईत दाबून कागदावर उमटवले आहेत. गवंड्याचा अंगठा कसा घासलेला असतो, धुणंवालीचा कसा, ते मला न बघता सांगता येतं. मुलीचा अंगठा घासलेला नव्हता. झिजल्यावर कातडी जाड होते, खरबरीत होते. इथे रेषा नुसत्या फिकट झाल्या होत्या, पाण्यात पडलेल्या कागदावरच्या अक्षरांसारख्या. कडेला थोड्या उरल्या होत्या. मध्यभागी काही नव्हतं.

“तेल कोणतं वापरतेस?”

“नेहमीचंच. बाबा, सोडा, बस जाईल.”

पुढच्या गुरुवारी दोन्ही अंगठे कोरे होते आणि पहिल्या बोटाला सुरुवात झाली होती.

४

मी सरळ माणूस आहे. आजार कळला की औषध सरळ करतो. नोंद माझी, तर ती मीच बदलणार. परतण्याच्या तारखेत मी लिहिलं: बरा झाला.

फोरमवर जल्लोष झाला. निवृत्त पंच म्हणाला, शनिवारी डावी बाजू बंद म्हणून समजा. तासाभरात मुलीचा फोन आला.

“बाबा, वैताग आलाय. वरून एकदम घाई लावलीय. शनिवारी एकतीसला उतरव म्हणतात. गुडघा तयार नाही हो. दिवसातून तीनदा घ्यावा लागणार आता.”

मी घाईघाईनं तारीख पुढे ढकलली. आणखी सहा आठवडे. संध्याकाळी परत फोन.

“सुटले. सहा आठवडे मिळाले. पण गुरुवारी नाही जमणार यायला, आईला सांगा.”

“किती गुरुवार?”

“सहाही.”

फोन ठेवून मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. धप्, आणि मग थोडी वाट, आणि मग धप्. मी उठून खिडकीतून पाहिलं. बोळ मोकळा होता. तिथे भिंतसुद्धा अशी नव्हती, की जिच्यावर चेंडू मारावा.

माझं डोकं चालू होतं आणि तेच वाईट होतं. बरा लिहिला तर तिला तीनदा. जखमी लिहिला तर रोज, कायमचा. पुसला तर शिट्टीबाई आहेच.

इकडे फोरम पेटला होता. एका गुडघ्याला बारा आठवडे? मालिशबाईला हाकला. तिला दगड कुटायला पाठवा. तिच्या बाजूनं मी आजवर किती भांडलो असेन, याची गणती नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा लिहिलं, ‘बरोबर आहे. काढाच तिला. आजच्या आज.’

बापानं लिहिलेली ही ओळ तीनशे लोकांना आवडली. मला आवकजावक म्हणून इतकं यश कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुढच्यावेळीनं पत्रकारांना सांगितलं की समर्थकांच्या भावना समजतात, पण एकतीस नंबर बरा होईपर्यंत फिजिओ बदलणार नाही. एकतीसचीच तशी इच्छा आहे.

मी मुलीला फोन केला. नोकरी सोड म्हणालो. मी एवढं कधी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घराण्यात नोकरी सोडण्यापेक्षा देह सोडणं सोपं समजतात.

“असं कसं, बाबा?” ती म्हणाली. आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा येत होता. “मग त्याला कोण बघणार?”

५

मंगळवारी दुपारी मी सरावाच्या मैदानावर गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कुणाकडे म्हणून विचारलं. मालिशबाईकडे, असं तोंडातून निघता निघता राहिलं. “फिजिओ मॅडमचा बाप आहे,” म्हणालो.

“त्या एकतीसकडे आहेत,” तो म्हणाला. “त्यांना हाक मारली तरी ऐकू जात नाही आजकाल. तुम्हीच जा.”

मैदानावर खेळाडू धावत होते, पण लांब. त्यांच्या ओरडण्याचा आवाज तोंडं मिटल्यानंतर पोचत होता. मी लांबलचक व्हरांड्यातून चाललो. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, प्रत्येकावर नंबर. एकोणतीस, तीस. त्याच्यापुढे भिंत आणि भिंतीनंतर उपचाराची खोली. दार अर्धं उघडं होतं. औषधी तेलाचा वास येत होता आणि मुलीचं बोलणं. रुग्णाचं मन रमवायला बोलावं लागतं, हे तिनंच मला कधी सांगितलं होतं.

“लहान असताना मी रोज विचारायची,” ती सांगत होती. “ही खूण कसली, ही खूण कसली. आणि ते रोज वेगळं सांगायचे. कधी वाघ, कधी तलवार.”

मी आत पाहिलं.

पडदे ओढलेले होते आणि त्यांच्यातून पिवळा उजेड येत होता. मुलगी स्टुलावर, पाठमोरी. पुढे टेबल, त्यावर पांढरी चादर. चादरीवर एक डावा गुडघा होता. इतका स्पष्ट गुडघा मी आजवर पाहिलेला नाही. वाटी, शिरा, केस, तेलाची चमक, आणि खाली आतल्या बाजूला सायकलवरून पडल्याची जुनी चंद्रकोरी खूण. ती मी यादीत लिहिली नव्हती. पण गुडघा मी माझा दिला होता.

टेबलाच्या वरच्या भागात एक शर्ट होता आणि शर्टाला नंबर होता. नंबर नीट होता.

बाकीच्याला माझ्या यादीत रकाना नव्हता.

तिथे काळोख नव्हता आणि भोक नव्हतं. नजर तिथे गेली की ती पुढच्या गोष्टीवर जाऊन थांबायची, जसं वाचताना कोऱ्या जागेवरून डोळा पुढे सरकतो. उशी दाबलेली होती. मुलगी बोलताना त्या उशीकडेच बघत होती, माणूस माणसाकडे बघतो तसं.

मी तिला हाक मारली. तिनं मान वळवली नाही. उशीवरची दाबलेली जागा मात्र हलली, आणि जराशी माझ्या बाजूला वळली.

मुलीचे हात गुडघ्यावर गोल गोल फिरत होते. तिची बोटं गुळगुळीत होती, नखांशिवाय, आणि मनगटापर्यंत फिकी.

६

घरी येऊन मी चहा न घेता कॉम्प्युटरसमोर बसलो. ही दारात येऊन म्हणाली, “अहो, भेटली का?”

“भेटली.”

“जेवते का नीट?”

“आता जेवेल,” मी म्हणालो.

नको असलेला माणूस कार्यालयातून कसा घालवतात, हे मला शिकवायला नको होतं. त्याला कुणी मारत नाही, पुसत नाही. त्याची बदली करतात. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. मी लिहिलं: बदली. आणि थांबलो, कारण बदलीला ठिकाण लागतं.

एखाद्या दूरच्या क्लबचं नाव घालायचं म्हटलं तर तिथेही उपचाराची खोली असणार. तिथे स्टुलावर कुणीतरी बसलेलं असणार, आणि तेही कुणाचं तरी लेकरू. तेहेतीस वर्षांत मी पुष्कळ फायली दुसऱ्याच्या टेबलावर ढकलल्या. ही ढकलता येईना.

उसन्या आणलेल्या माणसाला परत पाठवताना आम्ही एक साधा शेरा मारत असू. मी तो लिहिला: बदली, मूळ जागी परत. त्यापुढे आमचा पत्ता लिहिला. जिना दुसरा, मजला तिसरा, मागची खोली. खाली तारीख घातली. त्या दुसऱ्या पानानं तो रात्रीपर्यंत उतरवून घेतला, स्वल्पविरामांसकट. पहिल्यांदाच मला त्यांचं बरं वाटलं.

गुरुवारी मुलगी आली. दोन वेळा वाढून घेतलं. हिला म्हणाली, या आठवड्यात काहीच काम नाही, नुसता नवरदेवाचा घोटा.

“आणि एकतीस?” मी विचारलं.

“कोण एकतीस?” ती म्हणाली. “आपल्याकडे तीसच्या पुढे नंबर नाहीत, बाबा. तुम्ही कधीपासून क्लबचं विचारायला लागलात?”

मी फोरम सकाळीच पाहिला होता. तिथे डावी बाजू उघडी पडल्याबद्दल पुढच्यावेळीला शिव्या चालू होत्या. डावऱ्याचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

निघताना तिनं फोनला अंगठा लावला. उघडला नाही. परत लावला. उघडला. मी तिचा हात धरून खिडकीशी नेला. नखं जागेवर होती. मध्यभागी, पेन्सिलीनं हलकेच काढाव्यात तशा, दोन-तीन रेषा परत आल्या होत्या.

“हे काय नवीन?” ती म्हणाली. “भविष्य बघायला लागलात की काय?”

“बघून झालं,” मी म्हणालो. “जा, बस जाईल.”

ती जिना उतरायला लागली. तिची पावलं मला पाठ आहेत. शाळेपासून ती शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरते. मी दारात उभा राहून ऐकत होतो. पहिल्या मजल्याशी ती थांबली.

“या ना, आधी तुम्ही या,” ती कुणाला तरी म्हणाली. बाजूला सरकताना तिची बांगडी कठड्याला लागली. मग तिची पावलं पुन्हा खाली गेली, आणि शेवटच्या दोन पायऱ्या एकदम.

वर येणारा सावकाश येत होता. एक पाऊल पूर्ण पडे. दुसरं जरा मागाहून.

“कुणी येतंय का हो?” हिनं आतून विचारलं.

“माझंच कुणीतरी आहे, कार्यालयातलं,” मी म्हणालो. “तू पड जरा. तास-दीड तास लागेल.”

मी दार नुसतं लोटून ठेवलं. मागच्या खोलीत येऊन पडदे ओढले, खाटेवर धुतलेली चादर घातली, तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवली आणि स्टूल जवळ ओढलं. बोलायला काय घ्यावं याचा विचार केला. वाघ आणि तलवार सांगून झालेत. खरी सायकलची गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही.

बाहेर पावलं दाराशी थांबली. मी अंगठे एकमेकांवर चोळून गरम करत होतो. माझा फोन बटणांचा आहे, एवढी त्यातल्या त्यात सोय.